सुपरवायझरांसाठीची नेतृत्व कार्यशाळा : सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदाराचा अभिप्राय

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील लहान व मध्यम कारखान्यांचे सुपरवायझर, मुकादम आणि विभागप्रमुख यांच्यासाठी शहरातील एका प्रशिक्षण संस्थेने घेतलेल्या नेतृत्वविकास कार्यशाळेबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे. होटगी रोडवरील एका हॉटेलच्या सभागृहात सलग दोन दिवसांचे वर्ग आणि त्यानंतर साधारण महिन्याभराने प्रत्येक सहभागी कारखान्याला प्रशिक्षकाची एक भेट, असे तिचे स्वरूप होते. शुल्क माणशी ६,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यातून विणाई, रंगाई आणि शिलाई या तिन्ही विभागांचे सुपरवायझर पाठवले होते आणि मी स्वतःही पूर्ण वेळ बसलो होतो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतील बहुतेक तक्रारी या धर्तीच्या कोणत्याही कार्यशाळेला लागू पडाव्यात अशा आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : पहिल्या दिवसाचे पैसे पाण्यात गेले, दुसऱ्या दिवसाने ते भरून काढले, आणि कारखान्यातील भेट नसती तर दुसऱ्या दिवसाचाही फारसा उपयोग झाला नसता.

अशा प्रशिक्षणाची गरज आपल्या धंद्यात आहे याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे सुपरवायझर तयार होतो तो असा : जो उत्तम विणकर किंवा उत्तम फिटर आहे, ज्याला मागाचा आवाज ऐकून दोष कळतो, त्याला मालक एके दिवशी बोलावतात आणि उद्यापासून पाळी सांभाळ म्हणतात. माणसे कशी सांभाळायची हे त्याला कोणी शिकवत नाही. त्याच्या वरच्याने जसे त्याला वागवले तसे तो खालच्यांना वागवतो. जुन्या गिरण्यांत तर भरती, रजा आणि कामावरून काढणे हे सगळे जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हाती एकवटलेले असे, आणि त्यातून होणाऱ्या वशिलेबाजीवर १९३१ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली कामगार आयोगाने स्पष्ट बोट ठेवले होते. ती सत्ता आता राहिली नसली तरी जॉबरी बोलण्याचा सूर मात्र अनेक कारखान्यांत टिकून आहे. कार्यशाळेत सांगितलेला एक मुद्दा या संदर्भात नेमका लागू पडला. गुगल कंपनीने आपल्याच चांगल्या व्यवस्थापकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या आठ गुणांच्या यादीत तांत्रिक ज्ञान सर्वांत शेवटी आले, आणि हाताखालच्या माणसाला शिकवून तयार करणे सर्वांत वर आले. संगणक अभियंत्यांच्या कंपनीत जर हे चित्र असेल, तर टॉवेलच्या कारखान्यात ते वेगळे असण्याचे कारण दिसत नाही.

पहिला दिवस पुण्याहून आलेल्या एका तरुण प्रशिक्षकाने घेतला. बोलणे सफाईदार, तयारी भरपूर, पण समोर कोण बसले आहे याचा अंदाज अजिबात नव्हता. सकाळचा जवळजवळ सगळा वेळ व्यक्तिमत्त्व चाचणीत गेला : प्रश्नावली भरायची, गुण मोजायचे आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो ते पाहायचे. लोकांना गंमत वाटली हे खरे. परंतु त्याच माणसाने काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर त्याचा प्रकार बदलू शकतो, अशी टीका अशा चाचण्यांवर संशोधक कितीतरी वर्षे करत आले आहेत, आणि तिचा उल्लेखही झाला नाही. शिवाय आमच्या रंगाई सुपरवायझरला आपण ‘विश्लेषक’ आहोत असे कळल्याने रंगाच्या टाकीशी काम करणाऱ्या पोरांशी त्याने कसे बोलावे, या प्रश्नावर उजेड पडला नाही. पडद्यावरील मजकूर बहुतांशी इंग्रजीत होता. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, अशांनी सभागृह अर्धेअधिक भरले असताना हा प्रकार बेफिकिरीचाच म्हणावा लागेल.

त्याच दिवशी चूक कशी सांगावी यावर एक सत्र झाले आणि त्यात आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक ही सर्वत्र ऐकू येणारी पद्धत शिकवण्यात आली. माझे तिच्याबद्दल फारसे चांगले मत नाही. पीसरेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणारा विणकर माणसे ओळखण्यात तुमच्या-आमच्यापेक्षा तरबेज असतो. साहेब गोड बोलायला लागले की पुढे काहीतरी येणार हे त्याला पहिल्याच वाक्याला कळते, आणि त्यानंतर तो खऱ्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशीचे प्रशिक्षक सूतगिरणीत नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि त्यांनी पडदा बंद करूनच सुरुवात केली. त्यांच्या विवेचनाचा पाया होता तो अमेरिकेत १९४० साली सुरू झालेला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा उपक्रम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत अननुभवी माणसे मोठ्या संख्येने येऊ लागली आणि त्यांना झटपट शिकवण्यासाठी सुपरवायझरांनाच शिकवण्याचे तंत्र देणे भाग पडले. १९४५ साली उपक्रम बंद होईपर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण पूर्ण केले होते. पुढे युद्धोत्तर जपानने ते उचलले आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या कार्यपद्धतीत त्याच्या खुणा आजही दिसतात. त्यातील शिकवण्याच्या चार पायऱ्या तर त्याहून जुन्या आहेत. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी चार्ल्स ॲलन यांनी त्या बसवल्या होत्या. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि मग त्याला सोडून देऊन अधूनमधून पाहत राहा, इतक्याच त्या आहेत.

त्यांनी हे सांगून न सोडता करवून घेतले. मूळ अभ्यासक्रमात विजेच्या वायरची एक विशिष्ट गाठ शिकवून हा धडा देत असत. या गृहस्थांनी वायरऐवजी सुताचे कोन आणले होते. त्यांनी एका बेकरीच्या सुपरवायझरला पुढे बोलावले, ज्याने आयुष्यात कधी माग चालवला नव्हता, आणि विणकराची गाठ कशी मारायची हे नुसते तोंडाने सांगितले. अर्थातच त्याला काही जमले नाही. मग काही न बोलता भराभर गाठ मारून दाखवली; तरीही जमले नाही, कारण समोरासमोर उभे राहिल्याने त्याला डावे-उजवे उलटे दिसत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याला आपल्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे केले. प्रत्येक टप्प्याला कोणते टोक वर राहते आणि ते तिथेच का राहिले पाहिजे, हे सांगितले. त्याच्याकडून गाठ मारून घेतली, आणि शेवटी तो स्वतःच प्रत्येक टप्प्याचे कारण बोलत गाठ मारेपर्यंत त्याला सोडले नाही. आमचे विणाईचे सुपरवायझर, जे नवीन पोरांना ‘बघून शीक’ याशिवाय कधी दुसरे काही सांगत नसत, हा सगळा वेळ पुढे वाकून पाहत होते. ‘माणूस शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही’ हे त्या उपक्रमाचे मूळ घोषवाक्य प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिले तेव्हा सभागृहात थोडी कुजबुज झाली. आपल्याकडे दोष नेहमी शिकाऊ पोराच्या डोक्याला दिला जातो.

माणसांशी संबंध राखण्याची त्याच उपक्रमातील चार सूत्रेही त्यांनी मांडली : प्रत्येकाला आपले काम कसे चालले आहे हे कळू द्या, चांगल्या कामाचे श्रेय वेळच्या वेळी द्या, ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार आहे तो आधी सांगा, आणि त्याच्या अंगी असलेल्या कौशल्याचा पुरता उपयोग करून घ्या. ऐकायला ही साधी वाटतात, पण तिसरे सूत्र आमच्या कारखान्यात दर आठवड्याला मोडले जात असे. नव्या काउंटचे, म्हणजे वेगळ्या जाडीचे, सूत लावायचे आहे, पाळी बदलायची आहे, दोन मागांऐवजी तीन माग पाहायचे आहेत, या गोष्टी कामगाराला पाळीवर आल्यावरच कळत. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हमखास होणारा रजेचा गोंधळही त्यातलाच. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येणार, नंदीध्वजांची मिरवणूक निघणार आणि निम्मे लोक रजा मागणार, हे काही कोणाला नव्याने कळायचे नसते. तरीही रजेचा निर्णय आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लटकत ठेवला जातो आणि मग लोक न सांगता खाडा करतात. यंदा डिसेंबरातच विभागवार यादी लावून, कोण कोणत्या दिवशी सुट्टी घेणार हे कामगारांनी आपापसांत ठरवावे असे सुपरवायझरांनी सांगितले. भांडणे झाली, पण ती डिसेंबरात झाली आणि यात्रेत माग बंद राहिले नाहीत.

चूक सांगण्याबाबत त्यांनी जी पद्धत दिली ती पहिल्या दिवशीच्या गोड वेष्टनापेक्षा कितीतरी चांगली होती. प्रसंग सांगा, त्या प्रसंगातील कृती सांगा, तिचा परिणाम सांगा आणि मग थांबा. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने रूढ केलेली ही पद्धत आहे. विणकराला ‘तुमचं कामात लक्षच नसतं’ असे म्हटले की तो आपल्या स्वभावाच्या बचावाला उभा राहतो. त्याऐवजी आमच्या सुपरवायझरने वर्गात सरावासाठी म्हटलेले वाक्य असे होते : ‘अण्णा, काल रात्रपाळीत सहा नंबरच्या मागावर किनार सुटत होती आणि माग तसाच चालू राहिला. सकाळी शिलाईतल्या अक्कांनी तो माल बाजूला काढला, त्यात त्यांचा अर्धा तास गेला. नेमकं काय झालं होतं?’ यातील शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण उत्तरात बहुधा अशी गोष्ट निघते जी सुपरवायझरला ठाऊक नसते : फिटर आला नव्हता, किंवा बीमच, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळच, खराब होता. मला विशेष आवडले ते हे की परिणाम म्हणून मालकाचे नुकसान सांगितलेले नाही, शेजारच्या विभागातील बाईची बुडालेली मजुरी सांगितली आहे. मालकाच्या नुकसानीचे कामगाराला वाईट वाटावे अशी अपेक्षा आपण करतो. पीसरेटवर राबणाऱ्याला दुसऱ्या पीसरेटवाल्याचे नुकसान अधिक लवकर समजते.

रोजच्या छोट्या बैठकीचा विषय दोन्ही दिवशी आला. पहिल्या प्रशिक्षकांनी सांगितलेले, सर्वांनी कामाच्या जागीच उभे राहून पंधरा मिनिटे बोलावे हे, माग चालू असलेल्या खात्यात शक्यच नाही. तिथे शेजाऱ्याच्या कानात ओरडावे लागते, आणि जे ओरडून सांगितले जाते ते रागावल्यासारखेच ऐकू येते. दुसऱ्या प्रशिक्षकांना हे सांगावे लागले नाही. त्यांनी सुचवले की पाळी बदलताना जाणारा आणि येणारा सुपरवायझर यांनी आपल्या लोकांसह खात्याबाहेर, सावलीत, पाच ते सात मिनिटे थांबावे आणि तीनच गोष्टी बोलाव्यात : कोणता माग कुरकुर करत आहे, आज कोणता माल आधी निघाला पाहिजे, आणि काल कोणी काय चांगले केले. तिसरी गोष्ट नावानिशी आणि कामानिशी सांगायची. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ म्हणजे कोणाचेच कौतुक न करणे होय. आमच्याकडे ही बैठक टिकली आहे, मात्र रात्रपाळीला अजूनही बुडते, कारण घरी जाण्याची घाई कोणाला नसते?

चौथ्या सूत्रासाठी, म्हणजे माणसाच्या कौशल्याचा उपयोग करून घेण्यासाठी, कौशल्यतक्ता करून घेण्यात आला. उभ्या रांगेत नावे, आडव्या रांगेत कामे, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ : काम माहीत असेल तर एक भाग भरायचा, देखरेखीखाली जमत असेल तर दोन, एकट्याने जमत असेल तर तीन, आणि दुसऱ्याला शिकवता येत असेल तर पूर्ण. आम्ही तो शिलाई विभागात हजेरीच्या मशीनशेजारी लावला. त्यातून काय उघड झाले ते पाहण्यासारखे होते. ओव्हरलॉकचे, म्हणजे कडा शिवण्याच्या मशीनचे, पूर्ण वर्तुळ एकाच बाईच्या नावासमोर होते. त्या ज्या दिवशी येत नसत त्या दिवशी माल का तुंबतो, याचे उत्तर भिंतीवर काळ्या शाईत उमटले. हेमिंगवर वर्षानुवर्षे बसलेल्या एका अक्कांनी सुपरवायझरला विचारले की माझ्या ओळीत तीन चौकटी कोऱ्या का, मला कोणी कधी विचारलंच नाही. त्या आता ओव्हरलॉक शिकत आहेत. मजुरीचा दर वाढवून न देता जबाबदारी वाढवायची असेल तर मात्र हा तक्ता लावू नये, एवढा इशारा माझ्याकडून. कोणाला काय येते हे एकदा सर्वांसमोर मांडले की त्याचे मोल कोणी ना कोणी विचारणारच, आणि त्यांनी विचारलेही पाहिजे.

कामे सोपवण्याच्या सत्रात पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ साली मांडलेल्या कल्पनेचा आधार होता, की माणूस त्या विशिष्ट कामात किती तयार आहे त्यानुसार सांगणे, समजावणे, सोबत घेणे आणि सोपवून मोकळे होणे यांपैकी एक रीत निवडावी. सत्र ठीक होते, लांबले मात्र फार. त्यातून मी स्वतः उचललेली गोष्ट म्हणजे किरकोळ सुट्या भागांची खरेदी : ठरावीक रकमेपर्यंत सुपरवायझरने मला न विचारता भाग आणावा आणि वहीत लिहावे. याआधी साध्या बेल्टसाठीही माझ्या फोनची वाट पाहत माग उभा राहत असे. बेल्टच्या किमतीपेक्षा थांबलेल्या मागाचे नुकसान जास्त, हा हिशेब सुपरवायझरला माझ्याआधी कळलेला असतो.

उणिवाही सांगतो. एका तुकडीत चाळीसच्या आसपास माणसे होती. ज्या उपक्रमाचा एवढा दाखला दिला गेला त्यात साधारण दहा जणांची तुकडी, दोन-दोन तासांची पाच सत्रे आणि प्रत्येकाने स्वतःच्या कामावरील एक धडा करून दाखवणे, अशी रचना होती. चाळिसांत गाठ मारायला एकच जण पुढे येतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. दुसरे, उचल आणि पगार या विषयांना कोणी हातच लावला नाही. आपल्याकडे सुपरवायझर आणि कामगार यांच्यातील निम्मे ताण उचलीवरून असतात, आणि सुपरवायझरला त्यात अधिकार काहीच नसताना तोंड मात्र त्याला द्यावे लागते. तिसरी उणीव मला सर्वांत जास्त खटकली, ती म्हणजे घरच्या उदाहरणांचा अभाव. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात केलेला प्रयोग व्यवस्थापनाच्या अभ्यासात जगभर शिकवला जातो. नवे माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके मिळत नव्हते, कारण विणणारा, धागा सांधणारा, तेल देणारा, झाडणारा अशी प्रत्येकाची कामे तुटक होती आणि कोणत्याही मागाची संपूर्ण जबाबदारी एका गटाकडे नव्हती. ठरावीक मागांचा संच एका छोट्या गटाकडे सोपवल्यावर कार्यक्षमता वाढली आणि खराब कापड कमी झाले. यंत्रमागाच्या शहरात बसून गुगलची गोष्ट ऐकायची आणि अहमदाबादची ऐकायचीच नाही, हे मला पटले नाही.

कारखान्यातील भेट त्या निवृत्त प्रशिक्षकांनीच दिली. ते कार्यालयात चहा घेऊन परत जातील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ते थेट खात्यात गेले, एका शिकाऊ मुलाला सुपरवायझर तुटलेला ताण्याचा धागा फणीतून ओवायला शिकवत होते ते मागे उभे राहून पाहिले आणि नंतर बाहेर येऊन त्यांना एवढेच म्हणाले, ‘तुम्ही दोनदा त्याच्या हातातून धागा काढून घेतला.’ सुपरवायझरांना ते लागले, पण पटले. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की सुपरवायझरांशी मी एकट्याने, कामाची यादी सोडून, शेवटचे कधी बोललो. आठवड्यातून एकदा, प्रत्येकाशी वेगळे, आधी त्यांचे ऐकायचे आणि नंतर आपले बोलायचे, असा नियम त्यांनी घालून दिला. तो मी पाळतो आहे. शिलाईच्या सुपरवायझर नोकरी सोडण्याच्या विचारात होत्या हे मला त्या बोलण्यातूनच कळले, आणि कारण पगाराचे नव्हते, संध्याकाळच्या बसचे होते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात : सभागृह थंड, ध्वनिक्षेपक बरा, वाहनांना जागा पुरेशी. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होते, त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही, मात्र त्यानंतर लगेच तासभराचे व्याख्यान ठेवणाऱ्याने सोलापूरची दुपार पाहिलेली नसावी. दिलेली पुस्तिका इंग्रजीत असल्याने आमच्याकडे ती कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी मिळालेले, चार पायऱ्या मराठीत छापलेले खिशात मावेल एवढे कार्ड मात्र तिघांच्याही खिशात दिसते.

एखादा कारखानदार ही किंवा अशी कार्यशाळा घेणार असेल तर पैसे भरण्यापूर्वी तुकडीत किती जण असतील, शिकवणाऱ्याने स्वतः कधी पाळी सांभाळली आहे का, आणि कारखान्यातील भेट शुल्कात धरली आहे का, हे विचारून घ्यावे. मालकाने स्वतः बसावे. सुपरवायझर नवी रीत शिकून आला आणि मालक जुन्याच सुरात ओरडत राहिला, तर ती रीत पहिल्या पगारापर्यंतही टिकत नाही. पुढील तुकडीत तेलुगू जाणणारा सहप्रशिक्षक असेल असे संयोजकांनी मला सांगितले आहे. तसे झाल्यास शिलाई विभागातील दोन अक्कांना पाठवण्याचा माझा विचार आहे, आणि त्यांना फक्त दुसऱ्या दिवसाला व कारखान्यातील भेटीला धरून निम्मे शुल्क आकारावे, अशी विनंती मी लेखी दिली आहे.